कानात गाणे, समोर पुस्तक

गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या शाळेतले भूगोलाचे सर रजेवर होते आणि नववीच्या वर्गावर मला बदली तास मिळाला. परीक्षा आठवड्यावर आली होती. "आपापला अभ्यास करा, बोलू नका," असे सांगून मी टेबलाशी वह्या तपासायला बसले. पंधरा मिनिटांनी मान वर केली, तर तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा पुस्तकात डोके खुपसून बसला होता आणि त्याच्या कॉलरमधून एक बारीक काळी वायर कानापर्यंत गेली होती.

शाळेत मोबाइलला बंदी आहे. मी फोन घेतला, इअरफोन घेतला आणि सगळ्या वर्गासमोर त्याला बोलले. "गाणीच ऐकायची असतील तर शाळेत कशाला येतोस?" तो खाली मान घालून एवढेच म्हणाला, "मॅडम, मी अभ्यासच करत होतो. गाणे लावल्याशिवाय मला वाचताच येत नाही." वर्ग हसला. मला ते उद्धट उत्तर वाटले. फोन मुख्याध्यापकांच्या कपाटात गेला.

दुसऱ्या दिवशी त्याची अम्मी शाळेत आली. भांडायला नाही. म्हणाली, "मॅडम, चूक त्याचीच आहे. पण एकदा आमच्या घरी येऊन बघा. मग जी शिक्षा द्यायची ती द्या."

त्या रविवारी मी गेले.

मागांच्या वरचे घर

भिवंडीत राहणाऱ्यांना हे घर कसे असेल ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. खाली यंत्रमागांचा कारखाना, वर माळ्यावर दोन खोल्या. खाली धोटा इकडून तिकडे आपटत असतो आणि तो ठोका भिंतीतून, फरशीतून वर येतो. माग दोन पाळ्यांत चालतात, म्हणजे दिवस संपला तरी आवाज संपत नाही. माझ्यासमोर ठेवलेल्या ग्लासातले पाणी थरथरत होते. घरातले सगळे एकमेकांशी मोठ्याने बोलत होते आणि आपण मोठ्याने बोलतो आहोत हे त्यांच्या लक्षातही येत नव्हते. मुलाच्या आजोबांनी सारे आयुष्य मागावर काढले. त्यांना सलाम केला तो तीन वेळा करावा लागला, कारण त्यांना ऐकू येत नव्हते.

मुलगा खिडकीशी बसायचा. तीच त्याची अभ्यासाची जागा. मी विचारले, "मग इथे तुझे वाचन होते तरी कसे?" तो म्हणाला, "गाणे मोठे केले की माग ऐकू येत नाहीत." थोड्या वेळाने आपणहून म्हणाला, "आणि वीज गेली की माग बंद पडतात. तेव्हा मी सगळ्यात जास्त वाचतो, टॉर्च लावून."

मी त्याला वर्गात जे बोलले होते ते मला तिथे बसल्या बसल्या आठवत राहिले.

पण प्रश्न तिथे संपला नाही. गाण्यामुळे त्याला खरोखर मदत होत होती, की एक आवाज झाकण्यासाठी तो दुसरा आवाज कानात ओतत होता? आणि वर्गात तर माग नव्हते, शांतता होती; मग तिथे त्याला गाणे का लागत होते? शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला तेव्हा दोन तट पडले. काहींचे म्हणणे, सरसकट बंदी हवी. एक तरुण सहकारी म्हणाले, "संगीताने मेंदू तल्लख होतो असे शास्त्रज्ञांनीच सांगितले आहे, मोझार्टवर प्रयोग झाले आहेत." मग मी या विषयावर जे मिळाले ते वाचून काढले. आपल्या घरोघरी हा प्रश्न आज आहे, म्हणून ते इथे मांडते.

मोझार्टची गोष्ट

हा प्रयोग खरोखर झाला होता. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेत ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्ट या युरोपीय संगीतकाराची दोन पियानोंसाठीची एक रचना ऐकवण्यात आली. नंतर त्यांना घडी घातलेल्या, कापलेल्या कागदाचा आकार ओळखण्यासारखी कोडी दिली. नुसते शांत बसल्यानंतरपेक्षा संगीत ऐकल्यानंतर त्यांनी ती जरा बरी सोडवली. १९९३ मध्ये हा निष्कर्ष 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापून आला आणि जगभर बातमी झाली की मोझार्ट ऐकला की मुले हुशार होतात. १९९८ मध्ये अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तर तिथल्या प्रत्येक नवजात बाळाला अशा संगीताची ध्वनिमुद्रिका देण्यासाठी सरकारी पैसा मागितला.

मूळ प्रयोगात मात्र तीन गोष्टी होत्या, ज्या बातमीत हरवल्या. पहिली, तो परिणाम दहा-पंधरा मिनिटेच टिकला. दुसरी, ती परीक्षा एकाच प्रकारच्या कोड्यांची होती. धडा वाचून समजण्याची किंवा पाठांतराची नव्हती. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: संगीत आधी ऐकवले होते, कोडी नंतर दिली होती. कोडी सोडवताना कानात काहीच नव्हते.

पुढे इतरांनी हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा अनेकांना तसा फरक दिसलाच नाही. २००१ मध्ये कॅनडातील संशोधकांनी दाखवले की मोझार्टच्या उत्साही रचनेने थोडा फायदा झाला, पण एका संथ, उदास रचनेने झाला नाही. म्हणजे जादू मोझार्टमध्ये नव्हती. माणसाचे मन थोडे प्रसन्न झाले, अंगात थोडी तरतरी आली, की तो पुढची काही मिनिटे बरे काम करतो. ही तरतरी एक कप चहाने येते, गार पाण्याने वुजू केल्यावर येते, अंगणात दोन फेऱ्या मारल्यावरही येते.

मनातला आवाज

मग वाचता वाचता गाणे ऐकले तर काय होते? इथे आपले मन कसे वाचते हे समजून घ्यावे लागेल.

आपण मनातल्या मनात वाचतो तेव्हाही ते पूर्ण मुके वाचन नसते. आतून एक बारीक आवाज शब्द उच्चारत असतो. फोन नंबर कोणी सांगितला आणि लिहायला पेन नसेल, तर आपण तो ओठांत घोळवत राहतो, तोच हा आवाज. १९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी मांडले की आपल्या तात्पुरत्या स्मृतीत अशा ध्वनींसाठी एक छोटीशी जागा असते. ऐकलेले आणि मनात घोळवलेले शब्द तिथेच काही क्षण राहतात. ही जागा फार छोटी आहे. वाचलेला शब्द आणि गाण्यातला शब्द, दोघांनाही तिथेच शिरायचे असते. एका माणसाच्या दारातून दोघे एकदम आत शिरू लागले तर जे होते, तेच इथे होते.

१९८९ मध्ये बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्याने आकडे लक्षात ठेवायला देऊन हे तपासले. शब्द असलेल्या गाण्याने स्मरण जास्त बिघडले, नुसत्या वाद्यसंगीताने कमी. "पण मला कळतच नाही ते गाणे, मी कोरियन ऐकते," असे आमच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली होती. तिच्यासाठी १९७६ मधला एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत विद्यार्थ्यांना अक्षरे लक्षात ठेवायला देऊन मागे जर्मन भाषेतला उतारा वाचला गेला. त्यांना जर्मन येत नव्हते. तरी त्यांच्या चुका वाढल्या. शब्दाचा अर्थ कळो न कळो, माणसाचा आवाज त्या छोट्या जागेत आगंतुकासारखा घुसतोच.

"पण आवडते गाणे असेल तर?" हाही प्रश्न येतो. ब्रिटनमध्ये २०११ साली तेही पाहिले गेले. क्रमाने गोष्टी लक्षात ठेवण्याच्या कामात आवडत्या संगीतानेही नुकसान झाले आणि नावडत्यानेही. शांततेत मात्र काम चांगले झाले. गाणे लावल्यावर अभ्यास छान वाटतो, हे खरे आहे. वाटणे आणि होणे यात मात्र फरक आहे. कंटाळा जातो, वेळ कळत नाही, म्हणून आपण समजतो की अभ्यास झाला.

सगळी मुले सारखी नसतात, हेही नोंदवले पाहिजे. गर्दीत रमणाऱ्या मुलांना पार्श्वसंगीताचा त्रास कमी होतो आणि अबोल, एकटे राहणाऱ्या मुलांना जास्त, असे काही प्रयोगांत आढळले आहे. कामही सारखे नसते. नकाशात रंग भरणे, वहीला कव्हर घालणे, तक्ता रंगवणे अशा कामात बहुधा काही बिघडत नाही. वाचून समजणे, पाठ करणे, निबंध लिहिणे, शब्दांत दिलेले गणित सोडवणे, यात बिघडते.

विश्वास बसत नसेल तर घरी करून पाहा. मुलाला दहा आकड्यांची एक रांग शांततेत अर्धा मिनिट पाहू द्या आणि न बघता लिहायला सांगा. मग दुसरी तशीच रांग, त्याचे आवडते गाणे लावून. चार-पाच वेळा आलटून पालटून करा. आपण सांगण्यापेक्षा त्याच्याच वहीतले आकडे त्याला जास्त पटतील.

मग नात आणि तिलावत?

आपल्या वाचकांच्या मनात इथे आणखी एक प्रश्न असणार. वाद्यसंगीत जायज की नाजायज, यावर उलमांमध्ये मतभेद आहेत. बहुसंख्य फकीहांनी वाद्यांना मनाई केली आहे. इब्न हज्म यांच्यासारख्यांनी वेगळे मत दिले, आणि इमाम गजालींनी 'इह्या'मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहून अटींसह काही गोष्टींना मुभा दिली. हा लेख त्या चर्चेचा निकाल लावण्यासाठी नाही. प्रत्येक घराने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे.

मला सांगायचे आहे ते वेगळे. बऱ्याच दीनदार घरांत आईवडील म्हणतात, "गाणे नको, त्यापेक्षा नात लाव, तिलावत लाव आणि अभ्यास कर." नीयत नेक आहे. पण वर सांगितलेल्या छोट्या जागेला गाणे आणि नात यातला फरक कळत नाही. नातमध्येही शब्द आहेत, सूर आहे. विज्ञानाचा धडा वाचताना ती तेवढीच आड येणार.

तिलावतीची गोष्ट तर त्याहून गंभीर आहे. सूरह अल-आराफच्या २०४ व्या आयतीत आदेश आहे की कुरआन पढला जात असेल तेव्हा कान देऊन ऐका आणि शांत राहा. ज्या कलामाचा असा आदब सांगितला आहे, तो बीजगणिताच्या मागे पंख्याच्या आवाजासारखा चालू ठेवायचा? तिलावत ऐकायची तर पुस्तक मिटून दहा मिनिटे ऐकावी. मन शांत होईल. मग मोबाइल बंद करून पुस्तक उघडावे. असे केल्याने दोन्ही कामांचा हक्क अदा होतो.

हिफ्जच्या वर्गाचे काय?

हे सगळे मी एका पालकसभेत सांगितले तेव्हा एका गृहस्थांनी मला चांगलेच पेचात पकडले. म्हणाले, "मॅडम, माझा भाऊ हाफिज आहे. त्यांच्या मदरशात एका खोलीत तीस मुले एकदम मोठ्याने वेगवेगळे पारे पढतात. तेवढ्या आवाजात त्यांनी पूर्ण कुरआन पाठ केला. तुमच्या हिशेबाने एक आयतही पाठ व्हायला नको होती."

प्रश्न रास्त आहे. मला मिळालेले उत्तर असे. हिफ्जचा विद्यार्थी मनात वाचत नाही. तो स्वतःच्या तोंडाने, डोलत, मोठ्याने पढतो. त्याच्या कानाशी सगळ्यात जवळचा आवाज त्याचा स्वतःचा असतो आणि ती छोटी जागा तो स्वतःच्या आवाजाने भरून टाकतो, दुसऱ्याला शिरायला वाव ठेवत नाही. मनात वाचलेल्यापेक्षा मोठ्याने वाचलेले शब्द जास्त लक्षात राहतात, हे आता प्रयोगांतही दिसले आहे. शिवाय तो एकच पान दहा, वीस, पन्नास वेळा पढतो. सबक ऐकवला, की सबकी, की मंजिल, अशी उजळणी रोज चालते. समोर उस्ताद कान देऊन बसलेले असतात. एक जबर-जेर चुकला तरी थांबवतात.

आणि नवा सबक केव्हा पाठ करतात हे त्या गृहस्थांनी भावाला विचारले, तर उत्तर आले, "फजरच्या आधी किंवा लगेच नंतर, जेव्हा सगळे शांत असते तेव्हा." म्हणजे शांततेची किंमत आपल्या मदरशांना आधीपासून माहीत आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांनी त्यांच्याकडून दोन गोष्टी घ्याव्यात. आवाज टाळता येत नसेल तर मोठ्याने वाचावे. आणि कठीण विषय पहाटे घ्यावा.

कान ही अमानत आहे

त्या मुलाच्या घरातून निघताना मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती त्याच्या मार्कांची नाही, कानांची. मागाचा आवाज झाकायचा म्हणजे गाणे मागापेक्षा मोठे करावे लागते. यंत्रमागांच्या कारखान्यात आवाज ९० डेसिबलच्या वर जातो. वरच्या खोलीत तो कमी असेल, पण त्यावर मात करणारा इअरफोन कानाच्या पडद्यापासून दोन बोटांवर असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत, अशी आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. ८० वरून ९० वर गेलात तर ४० तासांचे ४ तास उरतात, तेही सगळ्या आठवड्यात मिळून. हे मोठ्यांचे गणित आहे. मुलांसाठी वेळ त्याहून खूपच कमी. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या केसासारख्या बारीक पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही.

मी त्याला विचारले, "इअरफोन काढल्यावर कानात शिटी वाजल्यासारखे होते का?" तो अम्मीकडे बघून हळूच "हो" म्हणाला. ही सूचना असते. मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले आणि ते गेलेही. शेजारच्या खाटेवर आजोबा बसले होते. त्यांचे कान रोजीरोटीने नेले. नातवाचे कान अभ्यासाच्या नावाखाली जाऊ नयेत.

वर्गात नकोच, पण का ते सांगून

आता मूळ प्रश्नाकडे. वर्गात, स्वयंअध्ययनाच्या तासाला, मुलांनी कानात गाणे लावून अभ्यास करावा का? माझे उत्तर 'नाही' असे आहे. पण ते "नियम आहे म्हणून" एवढेच सांगून भागणार नाही.

एक कारण वर आलेच: वाचन आणि पाठांतर त्याने कच्चे राहते. दुसरे कारण, वर्ग ही एकट्याची खोली नाही. शेजारच्याला अडले तर तो विचारतो, बाईंना मधेच काही सुचते ते त्या फळ्यावर लिहितात, कोणाचा प्रश्न ऐकून आपलाही गुंता सुटतो. कानात बोळे घालून बसलेला मुलगा हजेरीपटावर हजर आणि वर्गात गैरहजर असतो. तिसरे कारण, गाणे फोनमधून येते आणि फोनमधून फक्त गाणे येत नाही. निरोपाची टिंग वाजते, एक व्हिडिओ दुसऱ्याकडे नेतो. चौथे आणि माझ्या मते सगळ्यात मोठे: परीक्षेच्या हॉलमध्ये गाणे नसते. गाण्याशिवाय वाचता येत नाही, ही सवय तीन तास कोऱ्या शांततेत बसवल्यावर मुलाला अस्वस्थ करते. आमच्या त्या मुलाचे तेच झाले होते. घरच्या आवाजाने त्याला गाण्याची सवय लावली आणि मग शांत वर्गातही त्याला शांतता सोसेना.

अपवाद आहेत. चित्रकलेच्या तासाला शिक्षकांनी सगळ्यांसाठी हळू काही लावले, तर ती वेगळी गोष्ट. एखाद्या मुलाला काही त्रास असेल आणि डॉक्टरांनी सुचवले असेल, तर त्याचा वेगळा विचार व्हावा. पण ज्याने त्याने आपापल्या कानात लावून बसणे, हे वर्गात नको.

शांतता कोण देणार?

"गाणे बंद कर" म्हणणे सोपे आहे. ज्याच्या घराखाली माग आहेत, ज्याच्या एका खोलीत सात माणसे आणि एक टीव्ही आहे, त्याला गाणे बंद केल्यावर आपण काय देणार?

न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटन भागातल्या एका शाळेचा किस्सा बोलका आहे. तिथे शाळेच्या एका बाजूने उंचावरून रेल्वे जात असे. १९७५ मध्ये दोन संशोधकांनी दोन्ही बाजूंच्या वर्गांचे वाचन तपासले. रेल्वेच्या बाजूच्या वर्गांतली मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे होती. सहावीपर्यंत हा फरक जवळजवळ एका वर्षाचा झाला होता. शाळा तीच, इमारत तीच. मग रुळांखाली रबराचे पट्टे घातले गेले, गोंगाटाच्या बाजूच्या वर्गांना आवाज शोषणारे छत बसवले गेले. काही वर्षांनी पुन्हा तपासले, तर दोन्ही बाजूंची मुले बरोबरीने वाचत होती. मुलांना कोणी शिकवणी लावली नव्हती, फक्त आवाज कमी केला होता.

आपल्याकडेही कायदा आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, शाळा आणि रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला मनाई आहे. कायदा मोडणारे दुसरेच असतात असे आपण धरून चालतो. आपल्या लग्नातला डीजे, आपल्या मोहल्ल्यातल्या जलशाचे रात्री बारापर्यंत चालणारे कर्णे, फेब्रुवारी-मार्चमध्ये कोणाच्या खिडकीत शिरतात? त्या खिडकीत एक दहावीची मुलगी बसलेली असते. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आपण जुम्याला ऐकतो; त्या हक्कात त्याच्या मुलांची शांतताही येते.

घरात काय करता येईल? मगरिब ते इशा टीव्ही बंद आणि मोठ्यांचेही मोबाइल बाजूला. अब्बा रील्स बघत असतील तर मुलाला उपदेश करण्यात अर्थ नाही. अभ्यासाआधी आवडीचे काही ऐकायचे असेल तर दहा मिनिटे ऐकावे, मग फोन दुसऱ्या खोलीत. बाहेरचा आवाज टाळता येत नसेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे साधे बोळे काही रुपयांत येतात. ते आवाज कमी करतात, वाढवत नाहीत. घरात नसेलच जागा, तर मोहल्ल्यात शोधावी. गावोगावी स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका असतात. तशी एक छोटी अभ्यासिका शाळेच्या मुलांसाठी चालवायला काय लागते? एक खोली, चार नळ्या, दोन पंखे, काही सतरंज्या आणि रोज एक जबाबदार माणूस. मुलींसाठी वेगळी वेळ किंवा वेगळी खोली, म्हणजे पालकही निश्चिंत.

पुढे काय झाले

सोमवारी मी नववीच्या वर्गावर गेले आणि ज्या वर्गासमोर त्या मुलाला बोलले होते, त्याच वर्गासमोर म्हणाले, "मी याला न विचारता बोलले. ती माझी चूक होती. इअरफोन वर्गात चालणार नाही, हे मात्र मी आजही म्हणते." फोन परत केला. तो लाजला, काही बोलला नाही.

मुख्याध्यापकांनी तळमजल्यावरची एक खोली शाळा सुटल्यावर मगरिबपर्यंत उघडी ठेवायला परवानगी दिली. आम्ही चार शिक्षक आळीपाळीने थांबतो. पहिल्या दिवशी सहा मुले आली होती, आता बाक कमी पडतात. त्यातल्या निम्म्यांची घरे मागांच्या वर किंवा मागांना लागून आहेत, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कळले. तो मुलगा सुरुवातीचे काही दिवस चुळबुळत बसायचा, पाणी प्यायच्या निमित्ताने चारदा उठायचा. नंतर बसायला लागला. वार्षिक परीक्षेत त्याने काही डोंगर फोडला नाही, पण गणितात पहिल्यांदाच नापास झाला नाही. यंदा तो दहावीला आहे. त्याच्या घराखाली माग अजून चालतात.

गेल्या आठवड्यात खोलीला कुलूप लावताना तो थांबला आणि म्हणाला, "मॅडम, रविवारीपण उघडी ठेवता येईल का?"

रविवारी शाळेला शिपाई नसतो, वीज कोण बघणार, जबाबदारी कोण घेणार, हे सगळे मला ठाऊक आहे. मी त्याला "बघते" म्हणाले. पण तुमच्या मोहल्ल्यात जमातीचा एखादा हॉल, एखाद्या ट्रस्टची खोली रविवारभर कुलूपबंद असेल, तर त्याचा प्रश्न तुम्हालाही आहे असे समजा.